जन्मल्याबरोबर बाळाचं रक्त तपासायचं का?

पत्राचा सारांश: पत्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका भगिनीचं आहे. वय सत्तावीस, सध्या आठवा महिना. पहिला मुलगा पाचव्या महिन्यात न्यूमोनियाने गेला. जन्मला तेव्हा गुटगुटीत होता. तिसऱ्या महिन्यापासून तोंडात पांढरं येऊ लागलं, जुलाब थांबेनात, डाव्या काखेत गाठ आली. शेवटच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी रक्त पाठवलं, तेव्हा 'स्किड' हा जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याचा आजार निघाला. जीनचा रिपोर्ट बाळ गेल्यावर हाती आला: रॅग १ या जीनच्या दोन्ही प्रतींत तोच दोष. लग्न नात्यातलं, नवरा आत्तीचा मुलगा, म्हणजे सासू ही सख्खी आत्ती. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. आत्ती म्हणतात, "कोवळ्या जिवाला सुया टोचायच्या नाहीत. सटवाईनं कपाळी लिहिलंय ते रक्त काढून पुसतंय का?" नवऱ्याला जन्मल्या दिवशीच सगळ्या तपासण्या करून 'शंभर टक्के उत्तर' हवं आहे. आणि या भगिनी स्वतः लिहितात, "रिपोर्ट वाईट आला तर मी पाजताना बाळाकडं बघूच शकणार नाही. पहिल्याच्या वेळी काही माहीत नव्हतं म्हणून तीन महिने तरी सुखाचे गेले." सोबत पहिल्या बाळाचा तिसऱ्या महिन्यातला रक्ताचा रिपोर्ट जोडला आहे आणि विचारलं आहे, "यात तेव्हाच काही दिसत होतं का?" शेवटी धाकट्या भावाच्या लग्नाबद्दलही एक प्रश्न आहे.

ताई,

तुमची तारीख घटस्थापनेच्या आसपासची आहे, हातात फार दिवस नाहीत. म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागून. रक्त तपासा. जन्मल्या दिवशीच तपासा. आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत बाळाला बीसीजीची लस आणि तोंडावाटे पोलिओचा डोस (ओपीव्ही) द्यायचा नाही.

ही लसीची गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. आपल्याकडे बाळाला घरी सोडायच्या आत तीन लसी होतात: बीसीजी, पोलिओचा झिरो डोस आणि हिपॅटायटिस बी. हिपॅटायटिस बीच्या लसीत जिवंत जंतू नसतो, ती खुशाल होऊ द्या. बीसीजी आणि तोंडावाटे पोलिओ या मात्र जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसी आहेत. निरोगी बाळाचं शरीर त्या जंतूला आटोक्यात ठेवतं आणि त्यातून शिकतं. ज्या बाळाकडे टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशीच नाहीत, त्याच्या अंगात बीसीजीचा जंतू पसरत जातो. बीसीजी डाव्या दंडावर देतात. तुम्ही एका ओळीत उल्लेख केलेली डाव्या काखेतली गाठ बहुधा त्यातलीच होती. (इतर आयांनी हे वाचून घाबरू नये. निरोगी बाळालाही कधी कधी अशी छोटी गाठ येते आणि बसते. घरात असं मूल गेलेलं नसेल तर बीसीजी वेळेवर घ्यायचीच.)

प्रसूती जिथे होणार आहे तिथे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घ्या: 'पहिलं मूल स्किडने गेलं आहे. रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी आणि ओपीव्ही नाही.' नुसतं डॉक्टरांशी बोलून थांबू नका. दिवसपाळीला झालेलं बोलणं रात्रपाळीच्या सिस्टरना माहीत नसतं, आणि लस देणं हे त्यांचं काम आहे, त्या ते चोख करतात. आशाताईंनाही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे लस राहिली म्हणून त्या दारात आल्या की घरात नवा वाद नको. रिपोर्ट चांगला आला तर बीसीजी वर्षाच्या आत केव्हाही देता येते. सहाव्या आठवड्याची रोटाव्हायरसची लससुद्धा तोंडावाटे आणि जिवंत असते, तीही याच यादीत धरा.

आता सुईचं. आत्तींना सांगा, पहिल्या नमुन्यासाठी बाळाला टोचावंच लागत नाही. नाळ कापल्यावर वारेच्या बाजूला जे रक्त राहतं ते बाळाचंच असतं. एरवी ते टाकूनच देतात. तेच जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं. त्यात आईचं रक्त मिसळू नये याची काळजी घ्यावी लागते, म्हणून काही दिवसांनी बाळाचा स्वतःचा एक नमुना घेऊन खात्री करतात. तेव्हा एकदा टोचावं लागेल, ते टळणार नाही.

हे रक्त दोन कामांसाठी जातं. एक नमुना जीनसाठी. तुमच्या बाबतीत नेमका दोष आधीच सापडलेला आहे, त्यामुळे प्रयोगशाळेला सगळे जीन धुंडाळायचे नाहीत, ती एकच जागा बघायची आहे. पहिल्या बाळाच्या रिपोर्टची प्रत सोबत जायलाच हवी. दुसरा नमुना टी पेशी मोजण्यासाठी, त्या तपासणीला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. ती जिवंत पेशींवर होते, म्हणून हे रक्त बर्फात ठेवायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, आणि शक्यतो चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोचवायचं. मुंबईला पाठवायचं असेल तर संध्याकाळच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने माणूस गेला की सकाळी नमुना तिथे पोचतो. कुरिअरच्या भरवशावर शनिवारी पाठवलेलं रक्त सोमवारपर्यंत निकामी झालेलं असतं. कोणती ट्यूब, किती रक्त, कुठल्या दिवशी घेतात हे प्रयोगशाळेला आत्ताच फोन करून विचारून ठेवा. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्याच आवारात आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, इम्युनोहीमॅटॉलॉजीची संस्था आहे, या आजारांवरचं त्यांचं काम मोठं आहे. तुमच्या डॉक्टरांना तिथे बोलायला सांगा.

आता जुन्या रिपोर्टकडे वळते. तुम्ही थेट विचारलं आहे, म्हणून थेट सांगते. हो, त्यात दिसत होतं.

पांढऱ्या पेशी ५,९००, त्यांत लिम्फोसाइट (टी पेशी याच प्रकारात मोडतात) २१ टक्के. ५,९०० चे २१ टक्के म्हणजे १,२३९. शेजारच्या रकान्यात मर्यादा छापली आहे १,००० ते ३,०००. म्हणून त्या आकड्याला ठळक अक्षर नाही, खाली-वरचा बाण नाही, काही नाही. ती मर्यादा मोठ्या माणसांची आहे. तान्ह्या बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट मोठ्यांच्या कितीतरी जास्त असतात. तीन महिन्यांच्या बाळात हा आकडा २,५०० च्या खाली आला तर तो पुन्हा तपासायचा असतो, आणि पुन्हा तसाच आला तर टी पेशी मोजायला रक्त पाठवायचं असतं. त्या कागदावर कुणी हा गुणाकार केला नाही, आणि छापलेली मर्यादा कुणाच्या वयाची आहे हे कुणी पाहिलं नाही.

हे वाचून तुम्ही स्वतःला बोल लावाल, याची मला भीती आहे. तुम्ही बाळाला दाखवलंत, रक्त तपासून घेतलंत, रिपोर्ट जपून ठेवलात. आईच्या हातात होतं ते सगळं तुम्ही केलं. तो आकडा वाचणं तुमचं काम नव्हतं. मी इथे तो छापते आहे, कारण हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात आज असंच एक बाळ असेल: तोंडातलं पांढरं औषधाने जात नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन महिनाभर तिथेच आहे, आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, 'नॉर्मल' आहे. त्यांनी तो कागद काढून पांढऱ्या पेशींना लिम्फोसाइटच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावं. सीबीसी कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात होते, तालुक्याच्या लॅबमध्येही होते. त्यासाठी मुंबई लागत नाही. आकडा कमी वाटला तर डॉक्टरांपुढे कागद ठेवून विचारायचं: "ही मर्यादा बाळाच्या वयाची आहे का?"

तुमच्या दुसऱ्या बाळाच्या बाबतीत मात्र नुसत्या सीबीसीवर विसंबायचं नाही. रॅग जीनच्या दोषात कधी कधी लिम्फोसाइट पुरेसे दिसतात, क्वचित जास्तही दिसतात. त्या पेशी धड नसतात, बाळाच्या अंगावर लाल चट्टे येतात, यकृत आणि गाठी वाढतात. त्याला ओमेन सिंड्रोम म्हणतात. शिवाय स्किडच्या बाळाच्या रक्तात आईच्याच टी पेशी गर्भातून येऊन राहिलेल्या असू शकतात, आणि मोजताना त्या बाळाच्या वाटतात. म्हणून टी पेशी किती आहेत एवढं विचारून पुरत नाही, त्यांत नव्या कोऱ्या किती हे विचारावं लागतं. रिपोर्टवर त्या सीडी४५आरए या नावाने येतात. निरोगी तान्ह्या बाळाच्या बहुतेक टी पेशी अशा कोऱ्या असतात, आईकडून आलेल्या पेशी मात्र कोऱ्या नसतात. तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच, तरी अर्जावर ही तपासणी मागितली आहे ना, एवढं बघून घ्या.

परदेशात हेच काम एका थेंबात करतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत नवी टी पेशी घडताना तिच्या डीएनएचा एक तुकडा कापला जातो आणि त्याचं छोटं कडं तयार होतं. टाचेतून घेतलेल्या थेंबात ही कडी मोजली की बाळ नव्या टी पेशी बनवतंय की नाही ते कळतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये सगळ्या नवजात बाळांसाठी ही 'ट्रेक' तपासणी सुरू केली आणि २०१८ पर्यंत ती सगळ्या राज्यांत पोचली. आपल्या सरकारी नवजात तपासणीत ती नाही. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक वेळा पहिली सूचना मिळते ती घरातलं एक मूल गेल्यावर.

आणि इथेच मला तुमच्या घरातल्या तिघांशीही थोडं बोलायचं आहे. तुम्ही तिघं वेगवेगळं बोलताय, पण तिघांनीही एक गोष्ट धरून ठेवली आहे: की रक्ताचा रिपोर्ट म्हणजे बाळाचं भविष्य. आत्तींना ते वाचायचं नाही, तुमच्या यजमानांना ते आत्ताच पूर्ण वाचायचं आहे, आणि तुम्हाला ते वाचायची भीती वाटते. रक्त तसं काही सांगत नाही. बाळाकडे आज काय आहे आणि काय नाही एवढंच ते सांगतं. पुढचं बरंचसं आपण त्यावर काय करतो आणि किती लवकर करतो यावर ठरतं.

ब्रिटनमधल्या दोन रुग्णालयांनी नेमकी तुमच्यासारखी घरं अभ्यासली आणि तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. घरात स्किडचं पहिलं मूल सापडलं, ते आजारी पडल्यावर. नंतरच्या भावंडांचं निदान जन्मतःच किंवा पोटात असतानाच झालं, कारण डॉक्टर आधीपासून सावध होते. आजार तोच. पहिल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के वाचली, पाठच्या भावंडांपैकी सुमारे ९० टक्के. २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या २४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या आजारावरचा मुख्य उपचार म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दात्याच्या रक्त घडवणाऱ्या पेशी बाळाला देणं. साडेतीन महिन्यांच्या आत ज्यांचं ते झालं त्यांतली ९४ टक्के पाच वर्षांनी हयात होती. त्याहून मोठी झाली तरी संसर्ग लागलाच नव्हता अशांत ९० टक्के, संसर्ग होऊन बरा झालेल्यांत ८२ टक्के. आणि ट्रान्सप्लांटच्या वेळी अंगात संसर्ग चालू होता अशा मोठ्या बाळांत ५० टक्के. हे आकडे तिकडचे आहेत. आपल्याकडे बाळं उशिरा येतात, बीसीजी होऊन येतात, खर्चासाठी थांबून येतात, म्हणून हेच आकडे मी तुम्हाला कबूल करत नाही. पण त्यांचा कल तुमच्याही बाळाला लागू आहे. संसर्ग लागायच्या आत पोचलेलं बाळ आणि लागल्यावर पोचलेलं बाळ, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुमच्या यजमानांना शंभर टक्के हवं आहे. एक उत्तर जवळजवळ तसं मिळेल: बाळाला आजार आहे की नाही. तुम्ही दोघंही त्या दोषाचे वाहक असणार, म्हणजे दोघांकडे जीनची एकेक प्रत सदोष, पण आजार नाही, म्हणून प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारांत एक. मुलगा असो वा मुलगी. चारांत तीन शक्यता बाळ ठणठणीत असण्याची आहे, हे तुमच्या पत्रात कुठेही नाही, म्हणून मी इथे लिहिते. आजार असेल तर 'जगेल ना?' या प्रश्नाला शंभर टक्क्यांचं उत्तर कुणाकडेच नसेल. त्यांना सांगा, डॉक्टरांना तो प्रश्न दर भेटीत विचारू नका. त्याऐवजी विचारा, "या आकड्यामुळे आता आपण काय वेगळं करणार?" काहीच वेगळं करायचं नसेल, तर तो आकडा रात्री उशाशी घेऊन झोपायची गरज नाही.

ट्रान्सप्लांटनंतर तर हे फार महत्त्वाचं होतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, पण हे सदर वाचणाऱ्या काही आई-वडिलांवर ती आलेली आहे, त्यांची पत्रंही मला येतात. ट्रान्सप्लांट झाल्यावर महिनोन् महिने सीडी४ या टी पेशी मोजतात आणि प्रत्येक रिपोर्टला घरातले श्वास रोखून बसतात. उत्तर अमेरिकेतल्या ३३ केंद्रांनी १९८२ ते २०१२ या काळात ट्रान्सप्लांट झालेल्या ६६२ स्किड मुलांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये मांडली. सहाव्या आणि बाराव्या महिन्याला सीडी४ आणि कोऱ्या सीडी४ पेशी किती आहेत, यावरून पुढे मूल कसं राहील आणि त्याची प्रतिकारशक्ती टिकेल का याचा अंदाज बांधता येतो, असं त्यांना दिसलं. कुठला जीन बिघडला आहे यावरही फरक पडतो. रॅगच्या मुलांचं जगणं इतर बऱ्याच प्रकारांच्या तोडीचं होतं, पण त्यांच्या टी पेशी भरून यायला जास्त अडचण आली. म्हणून अशा मुलांचा पाठपुरावा जास्त बारकाईने करावा लागतो.

या अभ्यासाचा अर्थ काही पालक असा लावतात, की सहाव्या महिन्याला आकडा कमी म्हणजे संपलं. तसा तो नाही. सहाव्या महिन्यालाच कमी दिसलं तर डॉक्टरांना पुढचं पाऊल तेव्हाच उचलता येतं: दात्याच्या पेशी पुन्हा देणं, कधी दुसरं ट्रान्सप्लांट, कधी औषधं जास्त दिवस चालू ठेवणं. सहाशे मुलांवरून काढलेला अंदाज एका मुलाला जसाच्या तसा लागू होत नाही. साध्या सर्दीनेही आकडा खाली येतो आणि पुन्हा वर जातो. दर आठवड्याचा रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनी ते थांबवावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याने मुलाला काही मिळत नाही आणि आईचा जीव मात्र रोज टांगणीला लागतो.

आता तुमच्या भीतीबद्दल, ताई. रिपोर्ट वाईट आला तर पाजताना बाळाकडे बघवणार नाही, असं तुम्ही लिहिता. मला ते समजतं. पण रिपोर्ट न काढता ते तीन सुखाचे महिने परत मिळतील का, याचा विचार करा. पहिल्याच्या वेळी तुम्हाला काही माहीत नव्हतं म्हणून ते महिने तसे गेले. आता तुम्हाला माहीत आहे. न तपासता घरी आलात तर पहिल्या शिंकेपासून तुम्ही रोज तपासत राहाल, फक्त डोळ्यांनी. जीभ बघाल, दुपटी बघाल, काख चाचपाल. आणि चारांत तीन वेळा ही सगळी भीती एका ठणठणीत बाळासाठी सोसली जाईल.

आणि रिपोर्ट वाईटच आला, तरी त्या दिवशी तुमच्या मांडीवर असलेलं बाळ आजारी नसेल. पहिले काही आठवडे आईकडून आलेली प्रतिपिंडं त्याला थोडीफार सांभाळतात. ते रडेल, दूध ओढेल, अंघोळीनंतर गाढ झोपेल. त्या आठवड्यांत तुम्हाला करायला खूप काही असेल: गर्दीपासून दूर ठेवणं, न्यूमोनिया टाळणारं औषध वेळेवर देणं, बुरशीचं औषध, इम्युनोग्लोब्युलिनच्या (तयार प्रतिपिंडांच्या) तारखा, दात्याच्या तपासण्या. रक्त चढवायची वेळ आलीच तर ते विकिरण केलेलंच हवं, हेही फाइलवर लिहायचं. पहिल्याच्या वेळी तुम्ही हात बांधून बघत राहिलात, तो त्रास मोठा होता. यावेळी हात मोकळे असतील.

एक व्यवहाराची गोष्ट. हल्ली लॅब रिपोर्टची पीडीएफ परस्पर फोनवर पाठवतात. रात्री दहाला बाळंतिणीच्या फोनवर असा रिपोर्ट येऊ नये. नमुना देताना फोन नंबर यजमानांचा द्या, आणि डॉक्टर समोर बसवून समजावतील तेव्हाच तो वाचायचा, असं दोघांनी आत्ताच ठरवा.

अंगावर पाजण्याबद्दलही आत्ताच बोलून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात सीएमव्ही नावाचा विषाणू सुप्त असतो आणि तो दुधातून बाळाकडे जाऊ शकतो. निरोगी बाळाला त्याने फारसं काही होत नाही, स्किडच्या बाळाला तो फार महाग पडतो. तुमची सीएमव्हीची रक्ततपासणी आठव्या महिन्यातच करून घ्या. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस पाजायचं की दूध काढत राहून थांबायचं, हे तज्ज्ञांना विचारून बाळंतपणाआधी ठरवा. ऐन वेळी एकीकडून आत्ती आणि दुसरीकडून सिस्टर, अशी तुमची ओढाताण नको.

आत्तींशी भांडू नका. एक नातू त्यांनीही गमावला आहे. पाचवीची पूजा त्यांनी मनापासून करावी, सटवाईपुढे दिवा लावावा, त्यात कुणाचंच काही बिघडत नाही. बारशाची गर्दी आणि नवरात्रात येणारी पाहुणेमंडळी मात्र रिपोर्ट येईपर्यंत पुढे ढकलायची, आणि हे काम आत्तींवरच सोपवा. घरातल्या मोठ्या बाईने "आत्ता बाळ बघायला येऊ नका" म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही. सुनेने म्हटलं की गावभर होतं.

त्यांच्याकडून तुम्हाला "तुझ्याकडून आलं" असं ऐकावं लागतं, हेही तुम्ही लिहिलं आहे. हा दोष दोन्हीकडून आल्याशिवाय आजार होत नाही. तुमचे वडील आणि आत्ती एकाच आई-बापाची लेकरं. बहुधा तुमच्या आजी-आजोबांपैकी एकाकडून तो दोघांतही उतरला आणि पुढे तुमच्यात आणि यजमानांत आला. कुणाला काही होत नव्हतं म्हणून कुणाला कळलं नाही. हे त्यांना तुमच्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. समुपदेशनाला त्यांनाही बरोबर न्या. याच नात्याची एक दुसरी बाजूही डॉक्टर सांगतील: एरवी आई किंवा बाप बाळाशी निम्मेच जुळतात, पण नात्यातल्या जोडप्यात पूर्ण जुळणारा दाता घरातच मिळण्याची शक्यता जास्त असते. निम्म्या जुळणीवरही आता ट्रान्सप्लांट होतात.

पैशांची चिंता तुम्ही दोन ओळींत लिहिली आहे, पण ती मोठी आहे हे मला माहीत आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किड पहिल्या गटात आहे, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरा होऊ शकणाऱ्या आजारांत. त्याखाली ठरवलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम हे अशा केंद्रांपैकी एक आहे. मदत त्या केंद्रातूनच मंजूर होते, म्हणून निदान झाल्या दिवशीच तिथे नाव नोंदवायचं. आधी दुसरीकडे खर्च करून मग अर्ज करायचा, हे करू नका.

राहिला धाकट्या भावाचा प्रश्न. नणंदेशी त्याचं लग्न ठरवायचं घाटत आहे आणि ते मोडायला सांगायचं का, असं तुम्ही विचारता. लगेच मोडायला सांगू नका. दोघांनी साखरपुड्याआधी एकेकदा रक्त देऊन त्याच एका दोषाची तपासणी करून घ्यावी. दोघांपैकी एकच वाहक निघाला तर त्यांच्या मुलांना हा आजार होणार नाही. दोघंही वाहक निघाले तर त्यांच्यासमोर तुमचंच घर आहे, त्यांना समजवायला दुसरं कुणी लागणार नाही. आणि त्यांनी तरीही लग्न करायचं ठरवलंच, तर गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते, हे त्यांना लग्नाआधी माहीत असू द्या. तुमच्याकडच्या त्या जीनच्या रिपोर्टची एक प्रत भावाला आजच द्या.